शारदाक्काची झोळी

गाणगापुरात दुपारी बारा वाजता कुणाला दारातून परत पाठवू नये. हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरींनाही ठाऊक असतं. दत्त महाराज रोज माध्यान्हीला गावात भिक्षेला येतात, कुठल्या रूपात येतील ते सांगता येत नाही, म्हणून झोळी पुढं आली की मूठभर का होईना घालायचं. यात्रेकरूही इथं आले की खांद्याला झोळी अडकवून पाच घरं माधुकरी मागतात आणि तेच खातात. सोलापुरात घरी चार नोकर राखणारा माणूस आमच्या उंबऱ्याशी उभा राहून 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणतो आणि चतकोर भाकरी मिळाली की त्याचे डोळे भरून येतात. आम्हा बायकांना त्याचं काही अप्रूप नाही. आम्ही देणाऱ्या. गाणगापूरच्या घरच्या बाईनं कधी मागितल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नव्हतं.

मी कुसुम. माझे यजमान श्रीनिवासराव सरकारी शाळेत मास्तर होते. पोरांच्या घरात कानडी आणि मराठी, आणि हे त्यांना उर्दूतून भूगोल शिकवायचे; दोघांनाही काही कळत नसे, पण निजाम सरकारचा हुकूम होता. आमच्या भिंतीला भिंत लागून पुजारी प्राणेश भटजींचं घर. त्यांची बायको शारदाबाई, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सगळी गल्ली तिला शारदाक्का म्हणायची. दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. त्यातून विरजण, विस्तव आणि गल्लीतल्या बातम्या इकडून तिकडं जायच्या.

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मला शारदाक्काचा हेवा वाटला. तिच्या घरी रोज पंधरा-वीस यात्रेकरू उतरलेले असायचे, पौर्णिमेला चाळीस. सगळा स्वयंपाक सोवळ्यात, म्हणजे मदतीला दुसरं कुणी चुलीजवळ जायचं नाही. दोन मुली, त्याही लहान. तरी ही बाई पहाटे ओल्या लुगड्यानं चुलीपुढं बसली की बाराच्या ठोक्याला पानं मांडलेली. दारातल्या चपलांकडं एकदा बघायची आणि तेवढ्यावरून पीठ काढायची. भाकरी कधी उरली नाही, कधी कमी पडली नाही. मला पाच माणसांचा अंदाज येत नसे. तीन वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या साताऱ्याच्या म्हातारीला ती दारातच म्हणायची, "या काकू, वरणात गूळ घालत न्हाई, ध्यानात हाय माझ्या." म्हातारी तिथंच निम्मी तृप्त व्हायची.

आणि हसायची कशी! भिंतीपलीकडून तिचं हसू आलं की माझ्या सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "शारदाकडं बघ जरा." बस, एवढंच. पण रोज म्हणायच्या. माणूस किती चांगलं असावं यालाही काही मर्यादा हवी, असं मला तेव्हा वाटायचं.

ही गोष्ट फसली तेराशे चव्वेचाळीसची. सरकारी कागदावर आमच्याकडं तसंच साल लिहीत; इंग्रजी एकोणीसशे पस्तीस. ज्येष्ठ लागला होता, मृगाला आठ-दहा दिवस होते, आणि ऊन असं की अंगणात टाकलेला पापड तासात वाळावा. शारदाक्काकडं त्या दिवशी बार्शीकडची बावीस माणसं उतरली होती, त्यात एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं आणि एक आजारी आत्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी त्याच सकाळी धाकटी मुलगी तापानं फणफणली. मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते, म्हणून मी सगळं पाहिलं.

बारा वाजायला आले होते. एक म्हातारा गल्लीत शिरला. अंगावर फाटकं घोंगडं, हातात पितळी तांब्या, पाय धुळीनं पांढरे. तो शारदाक्काच्या दाराशी थांबला आणि तांब्या पुढं करून नुसताच उभा राहिला. काही बोलला नाही. आतून काहीतरी उतू गेल्याचा चर्र आवाज आला, पाठोपाठ पोरीचं रडणं, आणि मग शारदाक्का दारात आली. घामानं कुंकू नाकावर ओघळलेलं. तिनं त्याच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"पुढं जा बाबा. आज न्हाई सवड," म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

मी इतकी वर्षं तिच्या शेजारी राहिले, पण हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. आणि देवापुढं खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सकाळीच सासूबाईंनी भरलेल्या वांग्यावरून शारदाचं नाव घेतलं होतं.

म्हातारा वळला आणि आमच्या घराशेजारच्या बोळातून मागच्या अंगणाकडं आला. मी आत जाऊन मागचं दार उघडलं. त्यानं तांब्या पुढं केला तेव्हा कळलं, त्याला पाणी हवं होतं. मी ओतलं. दोनदा ओतलं. मग कुठं त्याचा घसा सुटला.

"अव्वा, हिकडं एक बैल आलता काय? पांढरा. डावं शिंग मोडकं."

तो भिकारी नव्हताच. कडगंचीचा शेतकरी, शिवशंकरप्पा नाव. जावयाचं रान नांगरून द्यायला आपला बैल घेऊन इकडं आला होता आणि तो बैल दावं तोडून गेला होता. दोन दिवस हा उन्हातान्हात गावोगाव विचारत फिरत होता.

"मारका हाय का?" मी विचारलं.

"न्हाई वो. लई गरीब. चूक माझी हाय. आमच्याकडं सोमवारी बैल जुंपत न्हाईत, अव्वा, आज्या-पणज्यापासून न्हाई. बसवण्णाचा, नंदीचा वार. औंदा मृग जवळ आला, रान पडून व्हतं. म्हनलं, एक सोमवार. मग दुसरा. तिसऱ्या सोमवारी त्यानं दावं तोडलं अन् गेला." घोंगड्यानं तोंड पुसून तो म्हणाला, "बैलाला बोलता येत न्हाई. जाताच येतंय."

"सापडला तर?"

"आदी बसू देतो. मग वैरण. कामाचं मागनं बगू."

एवढ्यात पुढच्या गल्लीतून शारदाक्काचा आवाज आला. "महाराज! अहो महाराज!" घरात माध्यान्हीची घंटा वाजल्यावर तिच्या ध्यानात आलं होतं, आपण किती वाजता कुणाला काय म्हणालो. ती गल्लीच्या या टोकाला धावली, त्या टोकाला धावली. गल्ली रिकामी. आमच्या बोळात तिनं पाहिलं नाही, कारण बोळात कोण जातं?

मी मागच्या दारात पाण्याची कळशी धरून उभी होते. तिथूनच एक हाक मारली असती तर ही गोष्टच झाली नसती. मी मारली नाही. शिवशंकरप्पा मागच्या वाटेनं नदीकडं गेला, आणि मी म्हटलं, जाऊ दे, दोन दिवस हळहळेल आणि विसरेल.

ती विसरली नाही. संध्याकाळी कोनाड्यातून तिचा चेहरा दिसला, राखेसारखा. "कुसुम, माझ्या हातनं लई मोठं पाप झालं. ते आलते. मी पुढं जा म्हनले."

"अगं, असंल कोनी भिकारी."

"भिकारी गल्लीतून असा नाहीसा होतोय?"

मी गप्प बसले. हे दुसऱ्यांदा. पहिलं गप्प बसणं सोपं होतं. दुसऱ्या वेळी त्याला गाठ बसते.

दुसऱ्या दिवशी तिनं नेम धरला. ते परत येऊन आपल्या हातचं खाईपर्यंत या घरातून कुणी उपाशी जाणार नाही, वेळ कुठलीही असो. आणि शेवटचा माणूस जेवल्याशिवाय आपण पाटावर बसायचं नाही. प्राणेश भटजी साधे गृहस्थ. त्यांना वाटलं, बायकोचा भाव आहे, आपण आड कशाला यावं. गावात बोलबाला झाला. पुजाऱ्याच्या शारदाक्काकडं कधीही जा, ताट मिळतं. मग काय, लोक आलेच. यात्रेकरू आले, गोसावी आले, रेल्वे स्टेशनावरून यात्रेकरू आणणारे गाडीवाले आले, आणि ज्यांच्या घरी चूल पेटलेली होती असेही दोघे-तिघे आले. मी ओळखते त्यांना, पण नावं कशाला घ्या.

आषाढ गेला, श्रावण गेला. शेवटचा माणूस जेवेपर्यंत दिवस कलायचा, आणि तोवर हिची भूक मेलेली असायची. चुलीजवळ उभ्यानंच ताक प्यायची, भाकरीचा तुकडा मोडायची, तोही निम्मा ठेवायची. मी म्हटलं, "मला तरी सोवळ्यात बसू दे, चार भाकऱ्या थापते." तर म्हणे, "पाप माझं, भाकरी तुझी, असं चालतंय व्हय?" पाप कुणाचं ते मला माहीत होतं.

हळूहळू तिचा अंदाज चुकायला लागला. आधी भाकरी उरली, मग कमी पडली. आमटीत दोनदा मीठ, मग अजिबात नाही. साताऱ्याची काकू आली आणि वरणात गूळ निघाला, म्हातारी मुकाट जेवली, पण जाताना मला म्हणाली, "आमची शारदा कुठं गेली हो?" हसू तर गणपतीनंतर मी ऐकलंच नाही. सासूबाईंनीही 'शारदाकडं बघ' म्हणणं सोडलं होतं. एकदा मात्र त्या भिंतीकडं कान देऊन बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "बघितलंस का ग शारदाकडं?" तेच शब्द, पण मला रडू फुटलं.

नवरात्रात मी तिच्या घरी सवाष्ण म्हणून जेवायला गेले होते. पंगत बसली होती. शारदाक्का भाताचं पातेलं घेऊन वाढत आली. माझ्याशेजारचा पाट रिकामा होता, पानही मांडलेलं नव्हतं. ती तिथं वाकली आणि नुसत्या सारवलेल्या जमिनीवर भात वाढला. वर वरण घातलं. तूप घातलं. लिंबाची फोड ठेवली. आणि पुढच्या पानाकडं गेली. प्राणेश भटजींनी हातातला घास पानात ठेवला.

त्या दुपारी ती मला कोनाड्यातून म्हणाली, "मला आताशा कुनाची तोंडं दिसत न्हाईत, कुसुम. नुस्ते हात दिसतेत. पसरलेले." रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

आणि पुढं मार्गशीर्ष होता. मार्गशीर्षी पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. त्या आठवड्यात गाणगापुरात पाय ठेवायला जागा नसते. शारदाक्काच्या घरी शंभरावर पानं उठतात. मला कळून चुकलं होतं, ही बाई एवढ्या पंगती ओढू शकणार नाही. मरेल असं नव्हे. पण ती जी शारदाक्का होती, ती परत मिळणार नाही. आणि ते माझ्या डोक्यावर येणार होतं.

कार्तिक वद्यात एका दुपारी तिच्या मागच्या अंगणात आम्ही दोघी पत्रावळ्या लावत बसलो होतो. पळसाची पानं आणि त्यांना टोचायच्या काड्या. तिची बोटं आपोआप चालत होती. मी मनाचा हिय्या केला आणि सगळं सांगितलं. म्हातारा बोळातून कसा आला, मी पाणी कसं दिलं, तो कोण, कुठला, कशासाठी फिरत होता. ती गल्लीत हाका मारत होती तेव्हा मी कुठं उभी होते, तेही सांगितलं.

मला वाटलं, ती मला मारेल, नाहीतर हसेल. नाहीतर सुटले बाई म्हणून तिथंच आडवी होईल. तिनं यातलं काही केलं नाही. काडी हातात तशीच धरून म्हणाली, "तो काय म्हनला? पुन्हा सांग."

"बैल शोधायलाय म्हनला."

"तसं न्हाई. त्याचे शब्द सांग."

मी आठवून आठवून सांगितलं. सोमवारची गोष्ट. एक सोमवार, मग दुसरा, तिसऱ्याला दावं तोडलं. बोलता येत नाही, जाताच येतं. सापडला तर आधी बसू देतो. शारदाक्का ऐकत राहिली. मग म्हणाली, "तेच होते."

आता मात्र मी तापले. "अगं शारदाक्का, डोकं ठिकाणावर हाय का? कडगंचीचा शिवशंकरप्पा तो! त्याला जावई हाय, रान हाय, घोंगड्याला वास येत होता!"

"मग? ते काय नाव-गाव सांगून येतेत व्हय?"

आमच्या गावचा देवच असा आहे की त्याला खोटं पाडता येत नाही. मी सहा महिने पोटात दाबून ठेवलेलं खरं तिच्यापुढं ठेवलं, आणि त्यानं तिचा नेम पक्काच झाला, असं मला वाटलं. ती पुन्हा पत्रावळी लावायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "इतके दिवस पोटात ठेवलंस. तुलाबी झोप लागली नसंल." रागाचा लवलेश नव्हता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घरी गेले असते.

त्यानंतरचा गुरुवार. पत्रावळ्यांच्या त्या दुपारपासून माझं डोकं फिरलेलं होतं. मी भांडी आपटत होते, यजमान शाळेत लवकर निघून गेले, सासूबाई देवळात. आदली रात्र मी भरपूर झोपले होते, घरात पाचच माणसं, पोरं धडधाकट, म्हणजे मला कसलीही सबब नव्हती. तरी वैतागात एक भाकरी करपली, वरण पातळ झालं, आणि भाजी करायचा मला कंटाळा आला. बाराचा सुमार. दारातून आवाज आला.

"ॐ भवति भिक्षां देहि."

आणि मी आतूनच, तव्यावरची नजर न काढता ओरडले, "पुढं जा! आज काही न्हाई."

शब्द तोंडातून गेले आणि मग ते माझ्या कानावर आले. मग आवाज ओळखू आला. मी उलथणं टाकून धावले. दारात शारदाक्का उभी होती. न्हालेली, कपाळावर नीट कुंकू, आणि खांद्याला प्राणेश भटजींची भगवी झोळी. ती हलली नव्हती.

"मी काही पुढं गेले न्हाई," ती म्हणाली. "म्हनलं बघू, येतीस का."

मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं मला दंडाला धरून उभं केलं.

"बघ, किती सहज निघतंय तोंडातनं," ती म्हणाली. माझ्याकडं बघत होती. हातांकडं नाही, तोंडाकडं. "मी सहा महिने स्वतःला राक्षसीण समजायले. एवढंच तर होतं व्हय ते."

"पन तू ही झोळी घेऊन... लोक काय म्हनतील?"

"नेम माझाच हाय ना? ह्या घरातनं कुनी उपाशी राहायचं न्हाई. काल रात्री मोजलं. घरात एक बाई रोज उपाशी राहायलीय, अन् तिला वाढायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

"मग घरी बसून खायचं. मी आले असते वाढायला."

"घरी बसवत न्हाई, कुसुम. बसले की कुनीतरी पानी मागतंय, अन् हात उठतोय. आज हात झोळीत गुंतवलेत." मग म्हणाली, "त्यानं सांगितलंय ना, आदी बसू देतो म्हनून. मला सांगायलाच आलते. मी दार लावलं, म्हनून तुझ्या बोळातनं गेले. निरोप पोचायला सहा महिने लागले, ते तुझ्यामुळं."

ती हे थट्टेत म्हणाली का मनापासून, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

मी आत गेले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या उंबऱ्यावर हजारो झोळ्यांत घातलं असेल, सवयीनं, दुसरीकडं बघत. त्या दिवशी मला करपलेल्या भाकरीची लाज वाटली. चांगल्यातली निवडून एक घेतली, जवसाची चटणी घेतली. झोळीत घालताना तिनं मान लववून 'जय गुरुदत्त' म्हटलं, जसं कुणीही यात्रेकरू म्हणतो. मग बाकीची चार घरं करून आली आणि स्वतःच्या घरी न जाता माझ्याच ओट्यावर बसली. झोळी मांडीवर उघडली. पाच घरच्या पाच तऱ्हा: कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, एकीचा शिळा भात, एकीनं पुजाऱ्याची बायको म्हणून घाईघाईनं लाडू घातलेला. ती सावकाश जेवली. मी वाटीत वरण आणून ठेवलं आणि समोर बसले, कारण दुसरं काही करावंसं वाटेना. यात्रेकरू जाता येता बघत होते. तिनं एकदाही मान वर केली नाही.

वरणाची वाटी तोंडाला लावून ती म्हणाली, "मीठ कमी हाय ग."

आणि हसली. तेच पूर्वीचं हसू, थोडं गंजलेलं. आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या कधी परत आल्या होत्या कुणास ठाऊक. "शारदा का ग?"

तिकडं तिच्या घरी काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. तिनं सकाळीच चूल सारवून टाकली होती आणि यात्रेकरूंना सांगितलं होतं, "गुरुवारी ह्या घरी चूल न्हाई. माधुकरी मागायलाच आलाव ना इथं? मग मागा पाच घरं." लोक रागावतील म्हणून प्राणेश भटजी घामाघूम. पण लोक खूश. वर्षानुवर्षं शारदाक्काच्या हातचं जेवून जेवून ते मागायचंच विसरले होते. भटजींनी स्वतः मुलींसाठी खिचडी लावली. ती लागली, म्हणजे खाली करपली. पण मुलींनी ती खाल्ली आणि वडिलांनी चूल पेटवली म्हणून गल्लीभर सांगत सुटल्या.

दत्तजयंतीला शंभर पानं उठलीच. पण या खेपेस चुलीपुढं आम्ही दोघी होतो. मी सोवळं नेसून गेले आणि विचारलंच नाही, सरळ परात पुढं ओढली. ती म्हणाली, "भाकरी जाड हुईल तुझी." मी म्हटलं, "हुऊ दे." ती जाड झाली आणि लोकांनी खाल्ली. मला तिची कला आली नाही, आजही नाही. चपलांवरून अंदाज तीच घ्यायची, आणि तो पुन्हा बरोबर येऊ लागला होता.

गावात कुजबुज झाली, नाही असं नाही. पुजाऱ्याची बायको भीक मागते, म्हणाले. शारदाक्का म्हणायची, "मागतेच की. तुमी कधी मागून बघितलंय का? घालताना नुस्ती कंबर वाकती. मागायला मान वाकवावी लागती." पुढं कोपऱ्यावरच्या राजूबाईनं स्वतःचा असा एक वार धरला, मग आणखी एकीनं. कुणी बोललं नाही, ठरवलं नाही. कुणाच्या तरी खांद्याला झोळी दिसायची आणि आम्ही समजून जायचो की आज हिच्या घरी चूल नाही.

शिवशंकरप्पा परत आला नाही, आणि बैलाचं काय झालं ते मला ठाऊक नाही. शारदाक्का त्यानंतर कैक वर्षं त्याच चुलीपुढं बसली. निजामाचं राज्य गेलं, फसली साल गेलं, सोलापूरहून मोटारी यायला लागल्या; तिच्या पंगती तशाच राहिल्या. लोक तिच्या स्वयंपाकाचं कौतुक करतात. मी तिच्या गुरुवारांचं करते. रोज शंभर माणसांना वाढणारी बाई मी आणखीही पाहिली आहे. पण आठवड्यातून एकदा उठून, सगळ्या गावादेखत, मला वाढा असं म्हणणारी तेवढी एकच.

गुरुवारी अकरापासून मी दुसरं काम काढत नाही. वरण शिजलं की आधी मीठ चाखून बघते. आणि बारा वाजायच्या आत दारात येऊन उभी राहते, तिला हाक मारावी लागू नये म्हणून.